कोरड्या हवेतला कागद

आमच्याकडे चिपळूणला आकाशकंदिलाची खळ वाळायला अख्खी रात्र लागायची, कधीकधी दुसरा दिवससुद्धा. दिवाळी तोंडावर आलेली असायची पण परतीचा पाऊस काही हलायचा नाही, बाबा मैद्याची खळ शिजवून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे, म्हणजे कसर लागत नाही, आणि मग कामट्यांच्या सांगाड्यावर पतंगी कागद लावला की तो ओला कागद असा काही लोंबायचा की मला रडूच यायचं. बाबा म्हणायचे, "थांब जरा, वाळला की आपोआप ताठ होईल." आणि व्हायचा. सकाळी उठून बघावं तर ढोलकीसारखा ताणलेला, टिचकी मारली की टण्ण वाजायचा.

बाबा छापखान्यात बाइंडिंगला होते. फर्म्यांच्या म्हणजे छापलेल्या मोठ्या तावांच्या घड्या, जुजबंदी म्हणजे त्यांची दोऱ्याने शिलाई, शाळांची हजेरीपत्रकं, दुकानदारांच्या खातेवह्या. त्यांच्याकडे घडी दाबायची एक लाकडी पट्टी होती, वापरून वापरून साबणासारखी गुळगुळीत झालेली. त्यामुळे कागदाचं वेड मला कुठून आलं हे वेगळं सांगायला नको.

आता गेली अकरा वर्षं मी अशा ठिकाणी राहते जिथे खळ बोटावरून कागदापर्यंत जाईस्तोवर वाळते. ॲरिझोना, फिनिक्सच्या बाजूचं चँडलर, म्हणजे सोनोरन वाळवंट. चिपळूणला वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, इथे फिनिक्सला जेमतेम १८० ते २००. आमच्याकडे जुलैत एखाद्या दिवशी कोसळतो तेवढा इथे वर्षभरात मिळून. नवऱ्याची नोकरी चिप्सच्या कंपनीत (खायच्या नाही, कॉम्प्युटरच्या) म्हणून २०१४ च्या जूनमध्ये आलो, आणि विमानतळाचा दरवाजा उघडला तेव्हा जी हवा अंगावर आली ती मला अजून आठवते, कुणीतरी ओव्हनचं दार उघडून समोर उभं केल्यासारखी.

पहिली दोन वर्षं मी घराबाहेर फारशी पडलेच नाही. पडदे लावून, एसी लावून बसायचं. सगळीकडे नुसता मातकट रंग आणि काटे, काय बघायचं त्यात, असं खरंच वाटायचं. मग मुलगी झाली, तिच्या बारशाच्या पत्रिका मी घरी बनवायच्या ठरवल्या कारण इथे मिळणाऱ्या मला आवडेनात, दुकानातून छान जाड कार्डस्टॉक आणला, मधोमध घडी घातली आणि प्रत्येक कार्ड घडीवर तडकलं. सगळीच्या सगळी. रंगाखालून पांढरा फाटका कागद दिसायला लागला. मी वैतागून बाबांना फोन केला तर ते पलीकडून शांतपणे म्हणाले, "कागद उभा आहे की आडवा?"

लहानपणी शंभरदा ऐकलेलं वाक्य आणि मी विसरले होते. कागद बनतो तेव्हा त्यातले तंतू बरेचसे एकाच दिशेने पडतात. त्या दिशेने घडी घातली तर ती सुरेख बसते, आडवी घातली तर तंतू मोडतात. चिपळूणच्या दमट हवेत कागद नरम असतो म्हणून आडवी घडीसुद्धा चालून जाते, इथे हवेत आर्द्रता दहा टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा कागद माफ करत नाही. बघायची पद्धत सोपी आहे, ताव हातात घेऊन हलकेच वाकवायचा, मोडायचा नाही, एकदा उभा एकदा आडवा, ज्या बाजूने सहज वाकेल ती त्याची दिशा. मग बाबा म्हणाले, "आणि रात्री खोलीत ओलं फडकं टांगून ठेव, कागद त्याच खोलीत ठेव, सकाळी घड्या घाल." टांगलं. सकाळी एकही कार्ड तडकलं नाही.

तेव्हापासून कागद सुटलेला नाही. स्वयंपाकघराच्या बाजूला एक टेबल आहे ते माझं. त्यावर ट्रिमर, स्टॅम्प, क्विलिंगच्या म्हणजे गुंडाळून फुलं-नक्षी करायच्या कागदी पट्ट्या, आणि बाबांनी कुरिअरने पाठवलेली ती लाकडी पट्टी. इथल्या हवेत काम करायच्या सवयी हळूहळू लागल्या. ग्लूची बाटली ओल्या स्पंजमध्ये उलटी खोचून ठेवायची नाहीतर तोंड बंद होतं. एम्बॉसिंग पावडर (तापवली की नक्षी उठून दिसते ती) टाकायच्या आधी कागदावरून ती अँटीस्टॅटिकची पुरचुंडी फिरवायलाच हवी, कारण इतक्या कोरड्या हवेत कागदात स्टॅटिक म्हणजे स्थिर वीज भरते आणि पावडर जिथे नको तिथे जाऊन चिकटते. पण एक सांगते, या हवेसारखी कागदाला हवा नाही. बुरशी नाही, कसर नाही, कागद पिवळा पडून त्याला तो कुबट वास येत नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वीचे माझे ताव अजून कोरे करकरीत आहेत. चिपळूणला एका पावसाळ्यात माझ्या ड्रॉइंग पेपरवर काळे ठिपके पडलेले होते.

बाहेर पडायची सवय मात्र मुलीमुळे लागली. ती चालायला लागली आणि घरात मावेना. उन्हाळ्यात इथे एकच वेळ असते, पहाट. ॲरिझोनात घड्याळं पुढेमागे करत नाहीत त्यामुळे जूनमध्ये सव्वापाचलाच सूर्य वर येतो, आम्ही पावणेपाचला निघतो, पाण्याच्या बाटल्या, टोप्या, आणि खिशात एक जाड दातांचा कंगवा. कंगवा चोयासाठी. चोया हा असा निवडुंग आहे की त्याला नुसता धक्का लागला तरी त्याचा काटेरी गोळा तुटून कपड्याला चिकटतो, बोटांनी काढायला गेलं की बोटांत घुसतो. कंगवा मध्ये घालून झटका द्यायचा, निघतो. इथे कुणी नवीन मराठी कुटुंब आलं की मी त्यांना डाळ-तांदूळ कुठे मिळतात ते नंतर सांगते, कंगव्याचं आधी सांगते.

आणि ऊन हा खेळ नाही हेही सांगते. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट म्हणजे ४३ सेल्सियस किंवा त्याच्याही वर गेला होता. अतिउष्णतेचा इशारा असला की कॅमलबॅकसारख्या डोंगरांच्या वाटा दिवसा बंदच करतात. आठच्या आत घरी, हा आमचा नियम, मग समोर काहीही दिसत असो.

पण त्या दोन-अडीच तासांत काय काय दिसतं! साउथ माउंटन पार्क आमच्यापासून जवळ आहे, शहराचंच पार्क पण १६ हजार एकरांहून मोठं. गॅम्बेल्स क्वेल नावाचे लावे, डोक्यावर स्वल्पविरामासारखा तुरा, आणि मागे अक्रोडाएवढ्या पिल्लांची रांग. एप्रिलमध्ये पालोवर्दे फुलतो, त्याचं खोड आणि फांद्याच हिरव्या असतात, पानं गळली तरी सालीतून अन्न बनवतो, आणि फुलला की रस्त्यावर पिवळा सडा, आपल्या सोनमोहराखाली पडतो ना तसाच. पहिल्यांदा तो सडा बघितला तेव्हा मी मुलीला कडेवर घेऊन तिथेच उभी राहिले, कितीतरी वेळ.

आणि सग्वारो. सिनेमात दिसतो तो हात वर केलेला उंच निवडुंग, तो खरा फक्त या सोनोरन वाळवंटातच होतो. पहिल्या आठ वर्षांत तो इंच-दीड इंच वाढतो. इंच-दीड इंच! पालोवर्देसारख्या झाडाच्या सावलीत लहानाचा मोठा होतो, पहिला हात फुटायला पन्नास ते सत्तर वर्षं लागतात, आणि दीडशे वर्षांहून जास्त जगतो. म्हणजे हातवाला सग्वारो दिसला की तो माझ्या आजीच्या वयाचा आहे असं मी मुलीला सांगते आणि ती त्याला हात जोडते. मे महिन्यात शेंड्याला पांढरी मेणासारखी फुलं येतात, रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मिटून जातात. रात्री वटवाघळं येतात, सकाळी मधमाश्या आणि पांढऱ्या पंखांचे होले. जूनअखेर फळं पिकतात, आत लालभडक गर. इथले मूळचे तोहोनो ओ'ओधम लोक वाळलेल्या सग्वारोच्याच लांब फासळ्यांची काठी करून ती फळं उतरवतात, त्यांचा रस आटवून पाक करतात, आणि त्यांचं नवीन वर्ष तेव्हाच सुरू होतं, पावसाच्या तोंडावर. आपण फक्त बघायचं. सग्वारो तोडणं, त्याला इजा करणं हा इथे कायद्याने गुन्हा आहे आणि मला ते फार बरं वाटतं.

मला त्यातलं सगळ्यात काय आवडतं तर त्याच्या घड्या. सग्वारो गुळगुळीत नसतो, वरपासून खालपर्यंत उभ्या चुण्या असतात, लहानपणी आपण वहीच्या पानाचा पंखा करायचो अगदी तशा. आमच्या वाटेवर एक आहे, त्याच्या घड्या मी मोजल्यात, २१ आहेत. उन्हाळ्यात तो आत ओढल्यासारखा होतो, घड्या खोल, कडा धारदार. आणि पाऊस पडून गेला की मुळं उथळ पण चारी बाजूंना लांबवर पसरलेली असतात ती पाणी ओढून घेतात आणि घड्या उघडतात, सगळं खोड फुगतं. मी एकाच जागेवरून जूनमध्ये आणि ऑगस्टमध्ये फोटो काढले आणि शेजारी ठेवले तेव्हा अंगावर काटा आला. फाटू नये म्हणून घडी! बाबा आयुष्यभर तेच करत होते की.

फुलं-पानं मी बाहेरून आणत नाही, पार्कातलं काही तोडायचं नसतंच. पण बॅकयार्डच्या भिंतीवर आमची बोगनवेल आहे, जिला आपल्याकडे कागदी फुलं म्हणतात. ती इथे वेड्यासारखी फुलते. ती रंगीत पाकळी म्हणजे खरं तर पान असतं, मधलं इवलंसं पांढरं ते फूल. जाड पुस्तकात टिपकागद घालून ठेवली की इथे तीन दिवसांत वाळते, रंगही बराचसा राहतो, आणि मग पातळ ग्लूने कार्डावर. चिपळूणला हेच करायला गेले होते तर पुस्तकाचं पान आणि पाकळी एक होऊन बसले.

दिवाळीत इथे मी कंदील करते, अर्थातच. कामट्या बागकामाच्या दुकानातून, बांबूच्या काठ्या चिरून. षटकोनी, खाली झिरमिळ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरला इथल्या संध्याकाळी इतक्या सुंदर असतात की कंदिलाखाली बसूनच जेवतो आम्ही, आणि पाऊस नाही त्यामुळे कागदी कंदील पॅटिओत महिनाभर टांगलेला राहतो, फक्त उन्हाने लाल रंग उडून गुलाबी होतो. आणि मग डिसेंबरमध्ये डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमध्ये लुमिनारिया लावतात. ते बघून मी थक्क झाले होते. साध्या खाकी कागदाच्या पिशव्या, तळाशी मूठभर वाळू, वाळूत मेणबत्ती, अशा हजारो पिशव्या निवडुंगांमधल्या वाटांच्या दोन्ही बाजूंना. वाळूच्या वजनाने पिशवी उडत नाही आणि मेणबत्ती मधोमध उभी राहते. कागद, वाळू, उजेड, बस. न्यू मेक्सिकोतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांकडून आलेली पद्धत आहे ही. तसंच मेक्सिकन लोकांचं ते पापेल पिकादो, पतंगी कागदाचे चाळीस-पन्नास ताव एकावर एक ठेवून छिन्नी-हातोडीने नक्षी कापतात आणि दोरीवर लावतात. ते बघितलं की मला गणपतीतल्या पताका आठवतात, दोऱ्याला खळ लावत लावत आम्ही सगळी भावंडं ओटीवर बसलेली. आमच्या चँडलरमध्ये तर १९५७ पासून वाळवंटातली वाळकी टंबलवीड, म्हणजे वाऱ्यावर गडगडत जाणारी झुडपं, गोळा करून त्यांचं ख्रिसमस ट्री करतात. जे हाताशी आहे त्याचं करायचं, हे मला फार आपलं वाटतं.

तर, मुलगी चालायला लागल्यापासून मी आईबाबांना दर महिन्याला एक कार्ड पाठवत आले. फोन रोज होतोच, पण कार्डात मी त्या महिन्यात काय बघितलं ते असतं. क्वेलची रांग, पालोवर्देचा सडा (पिवळ्या पंच केलेल्या टिकल्या), सुपरस्टिशन डोंगरावरचा संध्याकाळचा गुलाबी रंग. आई ते सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची, कॉटखाली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा आईबाबा वर शेजाऱ्यांकडे गेले, जीव वाचले, बाकी खाली होतं ते सगळं पाण्यात. दोन दिवस फोन लागत नव्हता, ते दोन दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. फोन लागला तेव्हा आई घराबद्दल, फ्रिजबद्दल, धान्याबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "अगं, तुझी कार्डं गेली." चिखलाने सगळी एकमेकांना चिकटून एक वीट झाली होती. बाबांनी ती वीट टाकली नाही, पाण्यात भिजवून एकेक पदर सोडवत बसले म्हणे, आठवडाभर. त्यातून चार कार्डं मिळाली. रंग गेलेला, पण घड्या जिथल्या तिथे होत्या.

त्यानंतर मी दोन-दोन करायला लागले. एक पाठवायचं, एक इथे ठेवायचं, या कोरड्या हवेत.

यंदा जूनमध्ये मी बरेच दिवस मनात असलेला सग्वारो केला. हिरवा जरा पातळ कागद, कार्डस्टॉक नाही, त्याला दर सहा मिलिमीटरवर बाबांच्या पट्टीने रेघ दाबली, तंतूंच्या दिशेने, आणि उलटसुलट घड्या घातल्या. २१ कडा आल्या पाहिजेत असा माझा हट्ट होता. घड्या अगदी मिटलेल्या, सुरीच्या धारेसारख्या, दोन टोकं कार्डाला चिकटवलेली आणि मधलं मोकळं. दोन हात, तेही तसेच. वर क्विलिंगची पाच पांढरी फुलं. मुलीने एका हातावर होला काढला, तो कोंबडीसारखा दिसतो पण तो होलाच आहे. इथे दुपारी ४४ अंश होते, हवा अशी कोरडी की कागद हातात कुरकुरत होता. पोस्टात टाकलं.

मग चँडलरला जुलैत पावसाचा पहिला ढग आला. इथेही याला मान्सूनच म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर. आधी धुळीची भिंत येते, हबूब, खिडकीच्या फटीतूनसुद्धा टेबलावर तांबूस थर बसतो, सगळे कागद झाकून ठेवावे लागतात. मग दहा-पंधरा मिनिटं पाऊस, आणि मग तो वास. क्रियोसोट नावाचं झुडूप आहे, त्याच्या पानांवर राळेसारखं काहीतरी असतं, पहिले थेंब पडले की सगळ्या वाळवंटाला त्याचा वास येतो. मातीच्या वासाहून वेगळा, उग्र, औषधी, पण छातीत भरून घ्यावा असा. आम्ही दोघी अंगणात अनवाणी उभ्या राहिलो.

त्याच आठवड्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. मागे पत्र्यावर पाऊस धडधडत होता, तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"अगं, कार्ड पोचलं. पण तुझा निवडुंग फुगलाय!"

तिने फोनसमोर कार्ड धरलं. मी ज्या घड्या धारेसारख्या मिटवून पाठवल्या होत्या त्या चिपळूणच्या हवेने सैलावल्या होत्या, मधला भाग पुढे आला होता, हातसुद्धा जाडजूड झाले होते. अगदी ऑगस्टमधल्या फोटोतल्यासारखा. बाबांनी मागून डोकावून विचारलं, "कागद उभा घेतलास ना?" मी म्हटलं हो बाबा. "मग काही होत नाही त्याला," ते म्हणाले.

"थांब, मी जरा गॅसजवळ धरून वाळवते, बसेल परत," आई उठायलाच लागली.

"नको आई, राहू दे," मी म्हटलं. "पाऊस पडला की तो असाच दिसतो."